चिमणीमित्र कलशेट्टी

जुळे सोलापुरातल्या आपल्या घराच्या बागेत चिमण्या याव्यात म्हणून सिद्धलिंगप्पा कलशेट्टींनी काय काय केलं, ते आता ते स्वतःच लोकांना सांगतात आणि सांगताना सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतात. हे सगळं चाललं होतं तेव्हा मात्र ते अजिबात हसत नव्हते.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात जमिनीची मोजणी केली. बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे आणि मधे मोजणीचं टेबल लावून सिद्धलिंगप्पा, असं त्यांचं आयुष्य गेलं. मातीखाली गडप झालेला हद्दीचा दगड हा माणूस नुसत्या नजरेनं हुडकतो, अशी त्यांची ख्याती होती. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी पक्षी मोजायला घेतले.

बाग म्हणजे तरी केवढी? पुढच्या अंगाला तीस बाय पंधरा फूट. त्यात एक शेवगा, एक कढीपत्ता, जास्वंदीच्या दोन फांद्या आणि दाक्षायणीबाईंची अबोली. सिद्धलिंगप्पांनी तिचा नकाशा काढला, आठ तुकडे पाडले आणि प्रत्येकाला नंबर दिला. तीन नंबरात पाण्याचं भांडं, पाच नंबरात बाजरीचं ताट. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तरी पक्ष्यांचं भांडं रोज दोनदा घासून भरलं जायचं. घरातल्या माणसांनी मात्र तांब्या अर्धाच भरून घ्यायचा, असा नियम होता. प्रदर्शनातून आणलेली सहा लाकडी घरटी त्यांनी भिंतीला ठोकली. दोन घरट्यांत मुंगळे झाले, एकात गांधीलमाशांनी पोळं धरलं, एकात पाल राहायला आली. उरलेली दोन रिकामी राहिली.

दुर्बीण घेऊन ते रोज सकाळी आठला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे. बुलबुल आले, शिंपी आला, होले आले, भारद्वाज एकदा कुंपणावरून चालत गेला. जास्वंदीवर शिंजीर रोज यायचे. कावळे तर यायचेच, आणि कुठून कुठून उचलून आणलेले भाकरीचे तुकडे पाण्यात भिजवून ठेवायचे. वहीत दोन महिन्यांत सतरा जातींची नोंद झाली. चिमणीचं पान तेवढं कोरं होतं.

तेच त्यांना लागायचं. मोर नाही आला तरी चालेल, पण चिमणी? लहानपणी गावाकडं घरातल्या फोटोंमागं चिमण्यांचा संसार असायचा. ज्ञानेश्वरी चालू असली तरी त्या वाचणाऱ्याच्या डोक्यावर काड्या टाकायच्या. आता एवढा मान देऊन बोलावतोय तर एकही फिरकत नाही, म्हणजे काय? एकदा त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून बायकोला विचारलंही, चिमण्या कुठं दिसल्या का गं म्हणून. आत मिक्सर चालू होता. दाक्षायणीबाईंनी काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकू आलं नाही आणि त्यांनी परत विचारलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पाच नंबराच्या ताटावर एक बोटभर भुरा पक्षी येऊन बसला. सिद्धलिंगप्पांनी दुर्बीण मांडीवर टाकली आणि मोबाईल उचलला. बसल्या जागेवरूनच त्यांनी फोटो काढला आणि कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘अखेर आमच्या बागेत चिमणीचं आगमन. प्रयत्नांती परमेश्वर.’

अर्ध्या तासात त्रेचाळीस नमस्कार आणि टाळ्या आल्या. कुणी लिहिलं, मोबाईलच्या टॉवरमुळं चिमण्या संपल्या होत्या, साहेबांनी परत आणल्या. कुणी लिहिलं, साहेबांचा आदर्श घ्यावा. सिद्धलिंगप्पांनी प्रत्येक नमस्काराला उलट नमस्कार केला. दुपारपर्यंत त्यांचा अंगठा दुखायला लागला, पण थांबवत नव्हतं.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह देशमुख स्वतः घरी आले. हे नातेपुत्याचे, एसटीत डेपोला होते. गाडी वेळेत सुटली पाहिजे ही सवय त्यांना अजून होती, त्यामुळं एकदा ठरवलं की मागं वळणं नाही. त्यांनी सांगून टाकलं की वीस तारखेला चिमणी दिन आहे, त्या दिवशी मंडळातर्फे कलशेट्टी साहेबांचा ‘चिमणीमित्र’ म्हणून सत्कार, आणि तोही इथंच, बागेत. म्हणजे लोकांना चिमण्याही बघायला मिळतील. सिद्धलिंगप्पा नको नको म्हणाले, पण किती वेळा म्हणायचं याचा अंदाज त्यांना बरोबर होता. तीन वेळा म्हणून ते थांबले.

सत्काराला पाच दिवस राहिले असताना, सोमवारी दुपारी, भाषणात शास्त्रीय माहिती असावी म्हणून त्यांनी ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. चिमणीचं चित्र असलेलं पान काढलं. नराच्या गळ्याखाली काळा डाग, मादीच्या डोळ्यामागं फिकट पट्टी, पाठीवर तपकिरी काळ्या रेघा. मग मोबाईलमधला आपला फोटो बघितला. पाठीवर रेघ नाही. चोच जाड आणि राखी रंगाची. शेपटी काळी, टोकदार. त्यांनी पुस्तकाची पानं पुढं पुढं उलटली आणि एका पानावर थांबले. तिथं त्यांचा पाहुणा अगदी तसाच बसला होता. खाली नाव होतं, मुनिया.

सिद्धलिंगप्पांनी पुस्तक मिटलं. जन्मापासून ज्या पाखराच्या चिवचिवाटात वाढलो, ते पाखरू आपण चौथीनंतर एकदाही नीट बघितलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. सातबारा चुकला तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, त्रेचाळीस नमस्कारांचं काय करायचं?

खरं सांगून टाकावं म्हणून ते चप्पल घालून देशमुखांच्या घरी गेले. देशमुखांनी त्यांना दारातच धरलं आणि आत नेऊन जमिनीवर अंथरलेला फ्लेक्स दाखवला. आठ फूट लांब. डाव्या कोपऱ्यात सिद्धलिंगप्पा फेट्यात, हा फोटो मुलीच्या लग्नातला. उजव्या कोपऱ्यात तीन फुटांची मुनिया. मधे मोठ्या अक्षरात ‘चिमणीमित्र मा. सिद्धलिंगप्पा कलशेट्टी यांचा भव्य सत्कार’.

“चिमणी लई उठून दिसतीय की,” देशमुख म्हणाले.

सिद्धलिंगप्पांनी तोंड उघडलं. तेवढ्यात देशमुखांच्या सुनेनं पोह्याच्या चिवड्याची बशी पुढं केली. त्यांनी चिवडा खाल्ला, चहा घेतला, फ्लेक्सचा रंग छान आलाय असं सांगितलं आणि घरी आले.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला त्यांना शिडी हवी होती. शेवग्याच्या फांदीला माळ लावायची होती. शिडी घराच्या मागं असायची. मागचं अंगण म्हणजे त्यांच्या नकाशात नसलेला भाग. तिथं धुण्याचा दगड, कपड्यांच्या तारा आणि भिंतीवर अस्ताव्यस्त चढलेली मधुमालती. स्वयंपाकघरातून त्यांनी मागचं दार ढकललं आणि ते उंबऱ्यावरच थांबले.

दाक्षायणीबाई पाटावर बसून शाळू पाखडत होत्या. भावानं मैंदर्गीहून नवं पोतं पाठवलं होतं. सुपातून कणी आणि कोंडा फरशीवर पडत होता, आणि त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर चिमण्या टिपत होत्या. गळ्याखाली काळा डाग असलेले चार नर. डोळ्यामागं फिकट पट्टी असलेल्या पाच माद्या. पुस्तकातल्यासारख्या, रेघेसकट. एक तर सुपाच्या कडेवर बसली होती. दाक्षायणीबाई त्यांच्याशी कानडीत काहीतरी बोलत होत्या, त्यात ‘गुब्बच्ची, गुब्बच्ची’ असं मधेमधे येत होतं. लहान मुलाला चिमणी दाखवताना म्हणतात तसं.

दार वाजलं आणि सगळ्या भुर्रकन मधुमालतीत गेल्या.

“ह्या कधीपासनं येतात?” सिद्धलिंगप्पांनी विचारलं.

“घर बांधल्यापासनं. बारा वर्षं झाली की.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

दाक्षायणीबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या चेष्टा करत नव्हत्या, खरंच सांगत होत्या. “तुम्ही दुर्बीण लावून बघत बसता. मला वाटलं तुम्हाला हव्यात त्या चिमण्या वेगळ्या असतील.”

यावर गप्प बसणारा माणूस शहाणा ठरला असता. सिद्धलिंगप्पांना मात्र त्या क्षणी देव पावल्यासारखं झालं. चिमण्या आहेत. नऊ आहेत. फक्त तीस फूट पुढं आणायच्या आहेत. आयुष्यभर लोकांच्या हद्दी इकडच्या तिकडं सरकवल्या, त्यापुढं हे काय? त्यांनी लगेच फर्मान काढलं की आजपासून शाळू पाखडायचा तो पुढच्या व्हरांड्यात. मागची कणी झाडून घ्यायची, एक दाणा ठेवायचा नाही. मधुमालतीही वेडीवाकडी वाढली होती, ती त्यांनी स्वतः कात्रीनं छाटली, म्हणजे पाहुण्यांनी मागं डोकावलं तर बरं दिसेल.

दाक्षायणीबाई म्हणाल्या की असं करू नका, त्यांना सवय झालीय. पण नवऱ्याच्या डोळ्यांतली ती चमक त्यांनी अडतीस वर्षांत बऱ्याचदा बघितली होती. गुरुवारी आणि शुक्रवारी त्या पुढच्या व्हरांड्यात बसून पाखडत राहिल्या. येणारेजाणारे विचारायचे, वहिनी आज पुढं? चिमण्या पुढं आल्या नाहीत. मागंही आल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी मागचं अंगण इतकं स्वच्छ होतं की सिद्धलिंगप्पांना ते बघवेना.

सत्कार शनिवारी सकाळी साडेनऊला झाला. पंचवीस खुर्च्या, माईक, आणि जास्वंदीच्या मागं बांधलेला फ्लेक्स. माईक सुरू होताच अशी शीळ वाजली की शेवग्यावरचे होलेसुद्धा उडून गेले. प्रमुख पाहुण्या म्हणून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंती मॅडम आल्या होत्या. तिशीच्या, शांत. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांची नजर फ्लेक्सवर गेली. मग सिद्धलिंगप्पांकडं. मग परत फ्लेक्सवर.

देशमुखांचं प्रास्ताविक चालू असताना त्या हळूच म्हणाल्या, “काका, ती मुनिया आहे.”

“माहीत आहे,” सिद्धलिंगप्पा म्हणाले.

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

मॅडमनी ओठ दाबून समोर बघितलं. सिद्धलिंगप्पांना त्याचीच जास्त लाज वाटली. शाल अंगावर पडली, श्रीफळ हातात आलं, भाषणाचा कागद खिशातच राहिला. ते माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले,

“मंडळी, हा फ्लेक्सवरचा पक्षी चिमणी नाही. मी चुकलो. या बागेत मी आजवर एकही चिमणी बघितलेली नाही. चिमण्या मागच्या दारी येत होत्या, माझ्या बायकोकडं. बारा वर्षं. मला त्याचा पत्ता नव्हता. आणि या सत्कारासाठी मी त्याही घालवल्या.”

सिद्धलिंगप्पांना वाटलं, आता शाल काढून घेतील, आणि घेतली तर बरंच होईल. पण देशमुख उठले आणि त्यांनी माईक आपल्याकडं ओढला.

“बघा. मोठा माणूस असा असतोय. सगळं श्रेय बायकोला देऊन मोकळा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतले दोघे तर उभे राहिले. सिद्धलिंगप्पा हात हलवून नाही नाही म्हणत होते, आणि जितकं नाही म्हणत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. त्यांनी शाल काढून दाक्षायणीबाईंना द्यायची म्हणून आत बघितलं, तर त्या उप्पीट वाढण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी तिथूनच खूण केली, राहू दे, शाल तेलकट होईल. नंतर कितीतरी जणांनी सिद्धलिंगप्पांचा हात हातात घेऊन तुमचा विनय फार आवडला असं सांगितलं. मुनियेबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

जाताना वैजयंती मॅडमनी मात्र बाजूला घेऊन विचारलं, मागं नेमकं काय बदललं? सिद्धलिंगप्पांनी सगळं सांगितलं. मधुमालती छाटल्याचं ऐकून मॅडमनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या की चिमणीला दाण्याइतकीच लपायला जागा लागते. आता वेल वाढू द्या. पूर्वी जिथं पडायचं तिथंच, त्याच वेळेला, त्याच हातानं दाणे पडू द्या.

“आणि काका, तुम्ही तिकडं जाऊ नका.”

पुढच्या आठवड्यात दाक्षायणीबाई परत मागं पाखडायला लागल्या. कुणी आलं नाही. त्या रागावल्या नाहीत, टोमणा मारला नाही. नवऱ्याला जेवायला वाढत होत्या, औषधाची आठवण करत होत्या. फक्त पाखडणं लवकर संपायला लागलं. पूर्वी जे काम पाऊण तास चालायचं ते पंधरा मिनिटांत उरकून त्या आत यायच्या आणि काही काम नसताना ओट्याजवळ उभ्या राहायच्या.

चौथ्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या की सकाळ मोठी वाटायला लागलीय.

त्यावरून सिद्धलिंगप्पांनी मागचं आठवायला सुरुवात केली. दाक्षायणीबाईंच्या आईचा फोन रोज नऊला यायचा. मायलेकी पाऊण तास कानडीत बोलायच्या, आणि एवढं काय बोलता म्हणून ते कुरकुरायचे. दीड वर्षापूर्वी म्हातारी गेली. फोन बंद झाला, पण नऊ वाजता कानडी बोलणं चालू राहिलेलं त्यांनी घरात ऐकलं होतं. त्यांना वाटायचं, मुलीशी बोलत असेल. श्रीदेवी हैदराबादला होती, ती नऊला ऑफिसच्या बसमध्ये असते हेही त्यांना माहीत होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. ते बोलणं चिमण्यांशी चालायचं, हे कळल्यावर त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुर्बीण घरी ठेवून बाहेर पडले. गल्लीगल्लीतून, तारांकडं, गच्च्यांकडं, वळचणींकडं बघत. लोक विचारायचे, साहेब काय हरवलं? ते म्हणायचे, काही नाही, फिरतोय. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. तिच्या शटरच्या वरच्या पत्र्यावर आणि खाली सांडलेल्या दाण्यांत चिमण्याच चिमण्या होत्या.

गिरणीवाले मायाप्पा पिठानं पांढरे झालेले. त्यांनी सांगितलं, “हितं दोन-चार असायच्या. ह्या बाकीच्या आठ दिसांपास्नं आल्यात. कुटनं आल्या काय म्हाईत.”

सिद्धलिंगप्पांना माहीत होतं. ते गिरणीच्या पायरीवर बसले. तिथं कुणी त्यांना चिमणीमित्र म्हणून ओळखत नव्हतं. दळायला आलेल्या बाया त्यांना डबा घेऊन आलेला म्हातारा समजत होत्या. तासभर त्यांनी चिमण्यांकडं नुसतं बघितलं. काळ्या गळ्याचा एक नर दुसऱ्याला पत्र्यावरून हुसकून देत होता, आणि हुसकून दिलेला परत येऊन तिथंच बसत होता. एका मादीला डाव्या पायाचं एक बोट नव्हतं. ह्यातल्या आपल्या कुठल्या, हे त्यांना ओळखता येईना. हद्दीच्या भांडणात ते दोन्ही बाजूंना सांगायचे, कागद दाखवा. इथं त्यांच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. ते पँट झटकून घरी आले.

मग त्यांच्या हातात एकच काम उरलं, मागं न जाणं. हे जमिनीच्या मोजणीपेक्षा अवघड निघालं. सकाळी नऊ वाजले की ते व्हरांड्यात खुर्चीला धरून बसायचे. पेपर उघडायचे, पण कान मागं असायचे. पुढची बाग बुलबुलांनी भरली तरी लक्ष लागायचं नाही. शिडी लागली तरी ते शेजाऱ्याची मागून आणायचे. मधुमालतीला पाणी घालावं असं फार वाटायचं, तेही त्यांनी दाक्षायणीबाईंवर सोपवलं. रोज चहा घेताना ते तोंड वर न करता विचारायचे, आल्या का? आणि दाक्षायणीबाई नुसती मान हलवायच्या.

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला. मधुमालतीला नवी पालवी फुटल्याचं त्यांना बायकोकडून कळलं. एका सकाळी, पेपरचं शेवटचं पान वाचून झालं तरी मागून सुपाचा आवाज थांबला नव्हता. सिद्धलिंगप्पांनी घड्याळ बघितलं. अर्धा तास होऊन गेला होता. ते उठले, चप्पल काढली आणि अनवाणी, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरापर्यंत आले. फ्रीजच्या आड उभे राहिले. तिथून अंगण दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

बारीक चिवचिव होती. आणि त्या चिवचिवाटात दाक्षायणीबाई कानडीत काहीतरी लांबलचक सांगत होत्या, आईला सांगायच्या तसं, मधेच हसत. सगळं कळत नव्हतं. पण फ्लेक्सचा विषय निघालेला कळला. शालीचाही. मग सूप जरा थांबलं आणि त्या म्हणाल्या, “अवरु हंगे.” म्हणजे, ते असेच आहेत.

चिमण्यांसमोर आपली ही ओळख करून दिली जात होती, आणि त्यात आक्षेप घेण्यासारखं एकही अक्षर नव्हतं. सिद्धलिंगप्पांना हसू आलं. ते दाबून, श्वास धरून ते आले तसेच परत गेले आणि खुर्चीत बसून पेपर तोंडासमोर धरला.

थोड्या वेळानं दाक्षायणीबाई चहा घेऊन आल्या. आज त्यांनी कपाबरोबर बशीत दोन बिस्किटंही ठेवली होती.

“आल्या का?” सिद्धलिंगप्पांनी रोजच्यासारखं विचारलं.

“सहा आल्या होत्या,” दाक्षायणीबाई म्हणाल्या. “तुम्ही फ्रीजमागं येऊन उभे राहिलात, तेव्हा दोन उडाल्या. उद्या इथंच बसा.”